ओढून बघा

फोरमनने टेबलावरचा काळा हिजाब उलटापालटा करून पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“शिवण झकास आहे, ताई. पण लेथला शिवण कळत नाही. फिरत्या यंत्रात कापड गेलं, की मागोमाग मान जाते. लेकीला पॅकिंगमध्ये देतो, तिथे खुशाल घालू दे.”

मुलगी अम्मीशेजारीच उभी होती. लोखंड कातायला तिचा हात असा बसला होता की केसाइतकी चूक होत नव्हती. आणि आता खोकी बांधत बसायचं?

“लोंबतं टोक ठेवलेलंच नाही,” अम्मी म्हणाली. कारखान्याचे एप्रन वर्षानुवर्षं तीच शिवत होती. “हनुवटीखाली तीन टिचबटणं आहेत. ओढलं की सुटतं.”

मुलगी अम्मीकडे बघतच राहिली. तरुणपणी स्वतःच्या वडिलांशी भांडून अम्मीने हिजाब उतरवला होता. मुलीने तो आपणहून घेतला, तेव्हा अम्मीने आठ दिवस अबोला धरला, मग कडाडली, “उतरवायला मी घर डोक्यावर घेतलं, आणि ही बया हौसेने हिजाब डोक्यावर घेतेय!”

“सुटतं, हे तुम्ही म्हणता,” फोरमन म्हणाला. “मला सगळ्यांसमोर ओढून बघावं लागेल. एप्रनलाही तोच नियम. घाल, पोरी.”

दहा-बारा पुरुष कारागीर जमले होते. मुलीचा हात डोक्यावरच्या रोजच्या हिजाबाच्या पिनेवर गेला आणि तिथेच थिजला.

“तिला कशाला?” अम्मी म्हणाली. “डोकं मलाही आहे की.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. अम्मीने हिजाब घेतला, पंचवीस वर्षांनी डोक्यावरून ओढला, बटणं लावली आणि फोरमनकडे पाठ करून उभी राहिली.

“ओढा. भाकरी खाल्लीय ना?”

फोरमनने हिसका दिला. हिजाब त्याच्या मुठीत आला, अम्मीची मान हललीही नाही. त्याने तो पुन्हा घालायला लावला, डावीकडून ओढला, मग उजवीकडून. शेवटी वहीत सही केली.

“उद्या आठ वाजता. लेथवर.”

अम्मीचा अंबाडा पार विसकटला होता. ती काही न झाल्यासारखी आपली पिशवी शोधू लागली. मुलगी तिच्या मागे जाऊन उभी राहिली. केसांतले आकडे काढून तिने ओठांत धरले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, अंबाडा नव्याने घालू लागली. तोंड बंद, म्हणून वरच्याचे आभार तिने मनातच मानले.

“हळू गं, किती ओढतेस,” अम्मी कुरकुरली. पण जागची हलली नाही.