उन्हात झाकलेली सुपारी

"मॅडम, एकच माणूस घाबरट आणि बेफिकीर, दोन्ही असू शकतो का?"

शाळेच्या हॉलमध्ये खसखस पिकली. माणगावहून व्याख्यानाला आलेल्या मनाच्या डॉक्टर मॅडमना हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, अमिषा आणि रुचिताने, लावली होती. "प्रणाली, तुझ्यात दमच नाही!" म्हणे. दम होता. उठून विचारलंच.

प्रश्न मात्र माझा होता, अगदी खरा. आदल्याच आठवड्यात आईबाबा पालीला लग्नाला गेले आणि मी अंगणात वाळत घातलेली सुपारी नासवली. झालं काय, आभाळात एवढासा ढग दिसला. माझ्या छातीत धडधड. धावत जाऊन सगळ्या सुपारीवर प्लास्टिक पसरलं, कडेने दगड ठेवले, ते तीनदा तपासले. पाऊस आलाच नाही. कडक ऊन पडलं आणि प्लास्टिक काढायचं मी साफ विसरले! दोन दिवसांनी आईबाबा परतले, तोवर आतल्या आत घाम सुटून सुपारी बुरसलेली.

"बेफिकीर कार्टी!" बाबा ओरडले. अहो, फिकीर होती म्हणूनच झाकली ना?

मॅडम हसल्या नाहीत. "असू शकतो," म्हणाल्या. "आईबाबांना घेऊन ये."

त्यांच्या दवाखान्यात दोन फेऱ्या झाल्या. लक्ष टिकत नाही ते एडीएचडी, सारखी धास्ती वाटते ती अँग्झायटी. मला दोन्ही. एक विसरायला लावते, दुसरी विसरण्याच्या भीतीने जीव खाते. मी रडले, पण बरं वाटून. मी वाईट मुलगी नव्हतेच!

"आता सुपारी बुरसली त्यालाही इंग्रजी नाव?" बाबा म्हणाले, पण येताना त्यांनीच मला एसटीत खिडकी दिली.

मग जयमालाआत्याने आम्हाला दवाखान्याच्या दारात पाहिलं.

"बस झालं आता," काल चहा गाळताना आई म्हणाली. "जया गावभर करेल. उद्या पोरीला येडी म्हणतील. शनिवारी दवाखान्यात जायचं न्हाय."

"पोरगी हल्ली जरा नीट झोपते गं," बाबा पुटपुटले.

"झोपेचं सोडा. तिच्या लग्नाच्या वेळी काय सांगणार?"

मी नववीत आहे! मी उठून दोघांसमोर उभी राहिले.

"आई, बाबा, शनिवारी सकाळच्या एसटीने मी माणगावला जाणार. तुमच्यातलं एक जण चला सोबत. आणि आत्याला कशासाठी गेलो ते मीच सांगणार आहे."