आस्लाकचा गुरुवार

आमच्या हेस्तविकला गुरुवारी पर्यटकांचं जहाज येत नाही. बाकी सहा दिवस येतं, कधी कधी दोन येतात, आणि दोनशे माणसांच्या गावात सकाळी नऊलाच चार हजार माणसं उतरतात. त्यांना आमची घरं, आमची मेंढरं, आमचे दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा बघायचे असतात. गेल्या उन्हाळ्यात एक जोडपं गावातल्या म्हाताऱ्या ओडमुनच्या स्वयंपाकघरात शिरून टेबलाशी बसलं. त्यांना ते संग्रहालय वाटलं. ओडमुननं त्यांना कॉफी पाजली आणि दाराला आयुष्यात पहिल्यांदा कुलूप लावलं.

गुरुवार मात्र आमचा. तो मिळवला माझ्या वडिलांनी, आस्लाकनं. खाडीच्या पलीकडच्या काठावर आमचं शेत आहे, तिथं रस्ता जात नाही. तीन वर्षं ते नाव वल्हवत गावसभेला यायचे, शेवटच्या खुर्चीवर बसायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "आठवड्यातला एक दिवस आम्हाला परत द्या." आधी लोक हसले, मग चिडले, मग कंटाळून त्यांनी ठराव केला. गुरुवारी जहाज नाही. हवामानाची अडचण असेल तरच बंदरप्रमुखानं परवानगी द्यावी, असं एक कलम मात्र खाली जोडलं. बंदरप्रमुख म्हणजे मी, त्यांची मुलगी तोरुन. ते कलम ऐकून बाबा मोठ्यानं म्हणाले होते, "वा! म्हणजे किल्ली चोराच्याच हातात दिलीत की!" सगळी सभा हसली. मीही हसले, पण मला ते लागलं होतं.

जूनमध्ये बाबा गेले, शेतावरच, आपल्या बिछान्यात. अंत्यविधी अर्थातच गुरुवारी ठरवला. त्यांची इच्छा होती की आपल्या बापाला नेलं तसंच आपल्याला न्यावं, शेतावरून नावेतून, वल्ह्यांनी, खाडी ओलांडून चर्चपर्यंत. नावेत माझा धाकटा भाऊ आयलिफ, ओडमुन आणि आणखी दोघं म्हातारे वल्ह्यांना बसणार होते.

आईचं एकच मागणं होतं. ती धक्क्याच्या मागच्या वृद्धाश्रमात वरच्या मजल्यावर असते. मांडीचं हाड मोडल्यापासून तिला हलवता येत नाही. "नाव माझ्या खिडकीखालून न्या," ती म्हणाली. "मी पांढरा रुमाल हलवीन. साठ वर्षं तो खाडीपलीकडून येताना मी तसाच हलवलाय. तेवढं केलं की मी मोकळी." आयलिफनं कबूल केलं की खिडकीखाली आल्यावर चौघंही मानवंदना म्हणून वल्ही उभी धरतील.

त्या दिवसासाठी आईनं सकाळची गोळी घ्यायची नाही असं ठरवलं. त्या गोळीनं दुखणं थांबतं, पण ती चार तास गाढ झोपते. आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "अगं, तुला सोसवणार नाही."

"तुला जन्म देताना सोसलं ना? मग गप्प बस."

गुरुवारी सकाळी मी धक्क्यावरचा झेंडा अर्ध्यावर आणला. आमच्याकडे माणूस मातीत जाईपर्यंत झेंडा अर्ध्यावर असतो, आणि खड्डा बुजला की वरपर्यंत चढतो. चर्चला जाता न येणारी माणसं झेंड्याकडे बघूनच समजतात की झालं. आईला हल्ली घड्याळ कळत नाही, झेंडा कळतो.

सात वाजता प्रेबेनचा फोन आला. हा जहाज कंपनीचा शहरातला माणूस.

"तोरुनबाई, एक विनंती होती. बाहेरच्या बंदरात वारा सुटलाय, जहाज लागत नाहीये. तुमच्याकडे आणू का?"

"आज गुरुवार आहे."

"कल्पना आहे हो. पण हवामानाचं कलम आहे ना तुमच्यात? दुपारी एकच्या आत काही येत नाही. तीन हजार माणसं आहेत."

जहाजाला धोका काहीच नव्हता. ते समुद्रातच एक दिवस काढू शकलं असतं, आणि हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी हिशेब केला की नाव अकराला आईच्या खिडकीखालून जाईल, बाराला चर्च, एकपर्यंत सगळं उरकेल. मग बेकरीवाली आठवली, बसवाले आठवले, नाही म्हटल्यावर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं ते आठवलं. खरं सांगायचं तर अकरा वर्षांत त्या फोनवर नाही म्हणायची मला सवयच राहिली नव्हती. मी हो म्हणाले. बाबांना जाऊन पाच दिवस झाले होते, आणि त्यांचा गुरुवार मी चार मिनिटांत देऊन टाकला.

जहाज पावणेअकरालाच आलं. वळणावर ते पांढरं धूड दिसलं. मी काळ्या पोशाखावर पिवळं जाकीट चढवून धक्क्यावर धावले. मदतीला कोणी नव्हतं, सगळे चर्चकडे गेले होते.

जहाज वळत असताना लहान नावांना जवळ येऊ देत नाहीत. पहाऱ्याच्या बोटीनं बाबांची नाव खाडीच्या मध्यावरच अडवली. हा नियम मीच लिहिलेला आहे. मी रेडिओवरून ओरडले, "अहो, नावेत शवपेटी आहे, जाऊ द्या त्यांना!" पण जहाज वळायला लागलं होतं आणि आता कोणाच्याच हातात काही नव्हतं. मग ते धक्क्याला आडवं आलं, आणि नाव त्याच्या मागे दिसेनाशी झाली. नंतर आयलिफनं सांगितलं की वरच्या कठड्यावर माणसांची गर्दी जमली होती. त्यांना वाटलं, गावानं स्वागताला जुन्या चालीची नाव पाठवलीय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ओडमुननं टोपी काढली होती, ती बघून त्यांनीही टोप्या काढून हवेत हलवल्या.

दोर बांधून झाले तेव्हा प्रेबेन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तो आधीच्या बसनं शहरातून आला होता. त्याला माझ्या वडिलांचं माहीत नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं.

"तोरुनबाई, झेंडा अर्ध्यावर कसा काय? लोक विचारतायत, काही अपघात झालाय का."

मी त्याला सांगू शकले असते. पण उतरायची फळी टाकली गेली होती, पहिली माणसं उतरत होती, आणि सगळी वर बघत होती. मला वाटलं, नाव अजून अडकलेलीच आहे, हे लोक पांगेपर्यंत दहा मिनिटं चढवू, मग खाली घेऊ. कोणाच्या लक्षात येणार आहे? प्रत्येक जहाजाला मी हेच करत आले होते. दोर बांधले की झेंडा वर. हात झेंड्याच्या दोरीवर गेला तो सहज गेला. झेंडा वरपर्यंत चढला आणि उतरणाऱ्या लोकांनी त्याचे फोटो काढले.

दहा मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास गेला. एकाला शौचालय हवं होतं, एकीला चालायची काठी, एकाला धबधबा नेमका किती वाजता सुरू होतो ते. मी झेंड्याचं विसरून गेले.

पावणेबाराला नाव सुटली. जहाजाच्या नाकाला वळसा घालून ती काठाकाठानं आली, ठरलं होतं तशी, थेट वृद्धाश्रमाच्या खाली. मी धक्क्यावरून बघत होते. चौघांनी वल्ही उभी धरली. वर आईच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. ते थांबले, पुष्कळ वेळ थांबले. आयलिफनं एकदा हाकसुद्धा मारली. मग वल्ही पाण्यात टाकून ते निघून गेले.

चर्चच्या दारात आयलिफनं मला गाठलं. "आईचा पडदा का बंद होता?"

"माहीत नाही."

"आणि झेंडा? तोरुन, झेंडा वर कोणी चढवला?"

मी मान खाली घातली. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पेटी आत नेताना त्यानं मला कडी धरू दिली नाही, आणि मला ती मागायला तोंड नव्हतं.

बाबांना मातीत ठेवून मी सवयीनं धक्क्यावर आले, झेंडा चढवायला. तो वरच होता.

आईकडे गेले तेव्हा तिची नुकतीच झोप उतरली होती. परिचारिका शहरातून बदलीवर आलेली पोर. ती म्हणाली, "आजीबाई सकाळपासून गोळी नको म्हणत होत्या. अकरानंतर स्वतःच म्हणाल्या, दे आता, झालं, आणि पडदा ओढ. मी दिली." तिचा काय दोष? तिला झेंड्याचं काय ठाऊक?

मी आईजवळ बसले. तिच्या मुठीत रुमाल तसाच होता.

"जहाज आडवं आलं गं," आई म्हणाली. "गुरुवारी कसं आलं कोण जाणे. नाव त्याच्या मागून गेली असेल. मला दिसली नाही. पण झेंडा वर गेला ना, तेव्हा मी रुमाल हलवला. म्हटलं, दिसो न दिसो. तर जहाजावरच्या माणसांनी उलट हात हलवले मला. कितीतरी माणसांनी." तिनं मूठ उघडून रुमाल पांघरुणावर पसरला. "आयलिफनं वल्ही उभी धरली का?"

"धरली."

"कुठे?"

खोटं बोलता आलं असतं. जहाजामागे धरली असं म्हटलं असतं तर तिनं ते मानलं असतं, आणि उरलेले दिवस ती सुखात राहिली असती. पण तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला ते जमलं नाही.

"इथेच. तुझ्या खिडकीखाली. नंतर."

"मग तेव्हा मी कुठे होते?"

मी तिला सगळं सांगितलं. फोन, कलम, प्रेबेन, दोरी. सांगताना मी रडत होते, ती रडत नव्हती. तिनं रुमालाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली, आणि तो उशीखाली सरकवला. बाहेर जहाजानं निघण्याचे तीन भोंगे दिले. खिडकीची काच थरथरली.

"आज गुरुवार ना गं, तोरुन?" आईनं विचारलं.

मी हो म्हणाले.