शाई न लागणारा प्रिंटर

ऑपरेशनमध्ये दादाचा आवाज गेला, आणि हात असे थरथरायचे की पेन धरवेना. फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं. पोर त्याची जेमतेम चालायला लागलेली. ती वाचायला शिकेल तेव्हा बापाचे चार शब्द तिच्या हाती पडावेत, एवढ्यातच त्याचा जीव अडकला होता. मोबाइलवर एकेक अक्षर दाबणं तेवढं त्याला जमायचं.

म्हणून त्याची धाकटी बहीण, पोरीची आत्या, आपलं इस्त्रीचं दुकान बंद करून प्रिंटर आणायला गेली. तिनं एकच विचारलं, अक्षरं वर्षानुवर्षं टिकतील ना? विक्रेत्यानं खोकं उलटंपालटं केलं आणि साहेबाला बोलावलं. साहेब म्हणाला, पांढऱ्यात हवा की निळ्यात? काडीची माहिती नाही, पण तोरा केवढा मेल्यांचा! शेवटी विक्रेत्यानं एक छोटा प्रिंटर पुढे सरकवला.

"ताई, याला शाईच लागत नाही. मग उडणार काय?"

मग उमटतं कशानं, तर म्हणे आतून येतं. इतकं छातीठोक बोलल्यावर तिला पटलं.

दादा रोज एखादी चिठ्ठी छापायचा. कोमट निघालेला कागद गालाला लावायचा, मग घडी घालून डब्यात टाकायचा. मोबाइलवरचं लगेच पुसायचा, कुणी डोकावू नये म्हणून. 'आधी तिनं वाचायचं,' असं त्यानं बहिणीला बजावलं होतं. तिनं कधी एक घडीसुद्धा उलगडली नाही. डबा भरत आला आणि दादा गेला.

पोर शाळेत वाचायला लागली तसा आत्यानं डबा काढला. कागद पार चुरगळलेले. असले कागद पोरीच्या हातात कसे द्यायचे? तिनं सगळे टेबलावर मांडले, न वाचता, छापील बाजू खाली करून. वर सुती फडकं घातलं आणि इस्त्री फिरवली. हयातभर हेच काम केलेलं, हात जराही चुकला नाही.

मग एकेक कागद तिनं उलटला. सगळे काळेकुट्ट. त्या कागदाला शाई लागत नव्हती, कारण तो उष्णतेनंच काळा पडायचा. खोकं विकणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं, आणि तिला कळलं ते हे असं.

पोर टाचा उंचावून टेबलाशी उभी होती.

"आत्या, बाबांनी काय लिहिलंय?"

आत्यानं इस्त्री बंद केली. इस्त्रीनं कोमट झालेला एक कागद उचलून तिनं पोरीच्या गालाला लावला.