लाली गेली म्हणून

भट्टीच्या झरोक्यातली लाली गेली तसा काकांनी हवा बाहेर ठेवणाऱ्या आरगॉन वायूचा नळ बंद केला आणि दार किलकिलं केलं. तापमानाच्या काट्याकडे साहेबांनी बघावं, आपल्याला देवाने डोळे दिलेत, असं ते म्हणत. आणि डोळ्यांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता.

आत हिऱ्याची चकती होती. वायूतून कण कण बसवत वाढवलेली, नखासारखी पातळ. तिच्यापायी काकांचे कित्येक आठवडे गेले होते. पाठ तर केव्हाच गेली होती. धातूच्या कड्यात पक्की बसावी म्हणून हे शेवटचं तापवणं. मग चकती गिऱ्हाइकाकडे आणि काका लेकीकडे, नातवाला पहिल्यांदा मांडीवर घ्यायला. पिशवी सकाळपासून दाराशी भरून ठेवलेली.

तपासणीवालीने चकती उजेडात धरली. "काका, हिच्यावर वाफ धरलीय का?"

"पूस की मग."

"दोनदा पुसली." तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावला. "कणांच्या सांध्यासांध्यात खड्डे पडलेत. तापलेली असतानाच हवा लागली हिला."

"लाली गेल्यावरच उघडलं गं मी! हिरा गरम असताना हवेत जळतो, हे मला शिकवतेस होय? तूच माझ्या हाताखाली शिकलीस."

उठून तिने दिवे मालवले. शेजारची दुसरी भट्टी मघापासून काळी, निवांत दिसत होती. अंधारात तिच्या झरोक्यातून मंद लाल उजेड बाहेर आला.

काका बघतच राहिले. छतावरच्या दिव्यांच्या लखलखीत नळ्या नव्या होत्या. जुन्या पिवळ्या दिव्यात दिसत नाही, म्हणून साहेबांच्या मागे लागून त्यांनीच त्या बसवून घेतल्या होत्या.

"मी मागितला तो उजेड," ते म्हणाले, "आणि त्यानेच मला आंधळं केलं बघ."

तिने दिवे लावले. हळूच म्हणाली, "घासून चमक आणता येईल. साहेबांच्या ध्यानातही यायचं नाही. तुम्ही निघा. बाळ वाट बघतंय."

काकांनी चकती तळहातावर घेतली. मन मोहात पडलं, नाही असं नाही. किती थकले होते ते!

"हिच्याआडून कुणीतरी पेटत्या भट्टीत डोकावणार आहे, पोरी," ते शेवटी म्हणाले. "खड्डे पडलेली चकती तडकली, तर तोंड त्याचं भाजणार. त्याच्याही घरी कुणी असेल. साहेबांना मीच सांगतो."

त्यांनी लेकीला फोन लावला.

"निघालात का, बाबा?"

"नाही गं. काम नासलं. माझ्याच हातून. आता पुन्हा पहिल्यापासून."

पलीकडे बाळ किरकिरत होतं.

"आता तर तो रांगायलाही लागेल," लेक म्हणाली.

"लागू दे. पायावर उभा राहायच्या आत येतो."

फोन ठेवून त्यांनी पिशवीतून डबा तेवढा काढला, चष्मा पुसला, आणि स्टूल ओढून दुसऱ्या भट्टीच्या काट्यासमोर बसले.