कातळावरचा बटाटा

माळावरच्या कातळशिल्पांची चित्रं काढायला कचेरीने एक नवी मुलगी घेतली, तेव्हा तिला एक टेबल, न उघडणारं कपाट आणि सहा महिन्यांची मुदत मिळाली. आज शेवटचा दिवस. काम पटलं तर कायम, नाही तर घरी. आणि घरी मावशी होती, "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य घासूनपुसून तयार ठेवून.

साहेबांनी तिचं चित्र आधी उलटं धरलं, मग सुलटं.

"हे काय?"

"वर्तुळं, साहेब. सतरा नंबरचा कातळ."

"अहो बाई, हा बटाटा आहे."

"कातळावरही बटाटाच आहे. प्लास्टिक अंथरून गिरवलाय."

साहेबांनी फायलीतून तीस वर्षांपूर्वीचं चित्र बाहेर काढलं. एकात एक सात वर्तुळं, गोल गरगरीत. खाली सही साहेबांचीच.

"चला माळावर. आत्ताच्या आत्ता."

माळावर वारा असा, की साहेबांची टोपी त्यांच्या आधी पोचली. साहेबांनी गुडघे टेकून कातळावर पाणी ओतलं. ओल्या दगडावर रेघा उठून दिसल्या. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तीन वर्तुळं झकास कोरली होती, चौथ्याला हात घसरला होता, आणि पुढची तीन त्या चुकीला वळसा घालून गेली होती. रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला घालावा तसा.

साहेब त्या चौथ्या वर्तुळावरून बोट फिरवत राहिले. तिने मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

"तेव्हाही असाच वारा होता," साहेब अखेर म्हणाले. "मी फक्त मापं घेतली आणि कचेरीत बसून कंपास फिरवला."

"एवढ्या एकाच कातळाला?"

"चारशे बारा."

लांबवर एक मेंढी खोकली.

"म्हणजे सगळी पुन्हा काढावी लागणार," ती घाबरत म्हणाली.

साहेबांचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. "सगळी! आणि मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. बायकोने माझ्या नावाने फावडं आणून ठेवलंय, बागेसाठी. मला हाताखाली घ्याल?"

"पण साहेब, मी अजून कायम कुठे..."

"आणा तो कायम करायचा कागद!"

त्यांनी कातळावरच कागद टेकवून सही केली. वाऱ्याने हात हलला, मधलं अक्षर घसरलं. साहेबांनी ते खोडलं नाही. पुढची अक्षरं वळसा घालून नेली.

तिने तिथूनच मावशीला फोन लावला. "मावशी, कायम झाले!"

"मग?" मावशी म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"