आठवा नारळ

कोसमटोल्याच्या कबड्डी संघाने या मोसमात अकरा सामने खेळले आणि नऊ जिंकले. तरी बेहडापूरच्या मंडईचा नारळ आपल्याला मिळतो की नाही या काळजीने संघाचा कप्तान टिकेश धड जेवत नव्हता. आता तुम्ही म्हणाल, नऊ सामने जिंकणाऱ्याला कोण डावलेल? अहो, डावलतात. सात वर्षं डावलत आले होते.

मंडई म्हणजे भाजीबाजार समजू नका. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव जत्रा भरते, ती मंडई. त्यात बेहडापूरची सगळ्यात मोठी आणि तिथली दिवसभराची कबड्डी म्हणजे मानाची. संघ फक्त आठ, म्हणून आमंत्रणाचे नारळही आठ. नारळ हातात घेतला की मंडईच्या दिवशी दुसऱ्या मैदानावर उतरायचं नाही, असा रिवाज. पहिला नारळ बेहडापूर आपल्याच संघाला देतं, मग तो वर्षभर कितीही मार खावो. दवनीवाड्याच्या स्पर्धेत पहिल्या आणि दुसऱ्या आलेल्या संघांचे दोन, कामठ्याच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्याचा एक. शेजारच्या दोन गावांशी जुनी बोली आहे, तुम्ही आम्हाला बोलवा, आम्ही तुम्हाला बोलवतो, त्यांचे दोन. झाले सहा. उरलेले दोन मंडळाच्या मर्जीचे.

आणि ही मर्जी खेळावर ठरत असेल असं वाटत असेल, तर तुम्ही फार भोळे आहात. मंडळ विचारतं एकच, तुमच्यासोबत ट्रॅक्टर किती येतील? माणसं आली तर जिलेबी खपते, पाळणे फिरतात, मैदान दणाणतं. मुकाट खेळून मुकाट जिंकणारा संघ मंडईला काय कामाचा?

कोसमटोला सालेकशाच्या पुढे, जंगलाला लागून. घरं बेचाळीस. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळं गाव कोंबलं तरी दोन ट्रॅक्टर. सात वर्षांचा नारळ तिथेच अडकला होता. यंदा मर्जीतला एक नारळ अकरा ट्रॅक्टरवाल्या गावाला गेला आणि मागे राहिला तो एकच, आठवा. टिकेश चौतीस वर्षांचा झाला होता. गुडघा सुजायचा. या वर्षी नारळ आला नाही तर खेळणं सोडतो, असं त्याने बायकोला, रविताला सांगितलं होतं. हे तिने मागच्या वर्षीही ऐकलं होतं, पण यंदा त्याचा गुडघा मोहाच्या तेलाने चोळताना तिला ते खरं वाटलं.

मात्र कोसमटोल्याकडे एक चीज अशी होती जी कोणाच्याच पदरी नव्हती. सुशीलाबाई. वय अठ्ठावन्न, अंगाने चिमूटभर, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या शेतातला बैल थांबायचा. ती रेषेजवळ बसायची आणि चढाईला आलेल्या पोराला असं काही बोलायची की त्याला हसू फुटायचं. हसला की कबड्डीचा दम तुटला, दम तुटला की बाद. तिने सुरुवात केली की बेचाळीसही घरं तिचा शब्द उचलायची आणि दोन ट्रॅक्टर माणसं वीस ट्रॅक्टरची वाटायची.

म्हणून टिकेशने मंडळाचे अध्यक्ष भैयाजी यांना निरोप धाडला की आमची माणसं मोजू नका, एकदा येऊन ऐका. भैयाजी कबूल झाले. रविवारी सकाळी कामठ्याच्या संघाशी सामना ठरला. गावातली एकमेव गादीवाली खुर्ची टिकेशने स्वतः पुसली आणि सुशीलाबाईंच्या अगदी शेजारी मांडली. अध्यक्षांना शब्दन्‌शब्द ऐकू यावा, हा त्यातला डाव. टिकेश स्वतःवर भलताच खूश होता.

भैयाजी मोटरसायकलवर आले. हँडलला पिशवी, पिशवीत नारळ. खुर्चीवर बसले, सामना सुरू झाला, आणि मैदानावर एकदम शांतता पसरली. टिकेश पहिल्या चढाईला गेला तर त्याला फक्त स्वतःचा दम ऐकू येत होता. त्याने वळून पाहिलं. सुशीलाबाईने पदर हनुवटीपर्यंत ओढला होता आणि ती अंग चोरून बसली होती. गाव तिच्या तोंडाकडे पाहत होतं आणि तोंडच दिसत नव्हतं.

तेव्हा टिकेशच्या डोक्यात उजेड पडला आणि त्याने कपाळावर हात मारला. भैयाजी मूळचे कोसमटोल्याचेच. तीस वर्षांपूर्वी बेहडापूरला जाऊन राहिले. ते सुशीलाबाईंच्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे तिचे भासरे. आणि आमच्या पोवार समाजात सून भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, ओरडायची तर गोष्टच सोडा. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण अध्यक्ष, अध्यक्ष करताना बेचाळीस घरांत एकालाही त्याची आठवण होऊ नये? धन्य ते गाव आणि धन्य तो कप्तान.

मध्यंतराला कोसमटोला नऊ गुणांनी मागे होता. भैयाजींनी जांभई दिली, घड्याळ पाहिलं आणि दुपारी आणखी एका गावी जायचं असल्याचं शेजाऱ्याला सांगितलं.  पाण्याने भरलेला पितळी गुंड घेऊन आलेली रविता त्याच्या कानाशी लागली. पाहुणा ऐकायला आलाय, पाहायला नाही, तेव्हा त्याला उलटं बसव, असं तिचं म्हणणं.  एवढ्या मोठ्या माणसाला पाठ करून बसा म्हणायचं? राग आला तर यंदाचाच काय, जन्माचा नारळ गेला. पण गप्प राहिलं तरी नारळ जाणारच होता. टिकेश भैयाजींपुढे जाऊन हात जोडून उभा राहिला.

"भैयाजी, एक अरज हाय. खुर्ची फिरवून बसा. तुमची पाठ मैदानाकडं पायजे. तुमच्या नजरेसमोर सुशीला काकीचा आवाज निघून नाई राहिला."

 भैयाजींनी टिकेशकडे पाहिलं, मग शेजारच्या पदराच्या गाठोड्याकडे. चेहरा दगडासारखा. मग ते उठले, खुर्ची स्वतः उचलली, धपकन उलटी ठेवली आणि मैदानाकडे पाठ करून कोसमाच्या झाडाकडे पाहत बसले. 

सामना पुन्हा सुरू झाला. कामठ्याचा उंच पोरगा चढाईला आला आणि रेषेवरच घुटमळू लागला. पदर हळूच कपाळापर्यंत सरकला.

"काऊन रे बावा, सासुरवाडीत आला का? पाय धुवून राहिला दारात. ये ना अंदर."

पोरगा फिस्सकन हसला, दम तुटला, बाद. आणि बेचाळीस घरांनी ते 'ये ना अंदर' असं उचललं की झाडावरचे पोपट उडाले. मग काय विचारता! सुशीलाबाईंनी शब्दांनीच कोणाचं धोतर काढलं, कोणाची मिशी काढली, पंचालाही सोडलं नाही. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर पडत होतं. नऊचे सहा झाले, सहाचे तीन, तिनाचा एक. शेवटची चढाई टिकेशची. त्याने गडी शिवला असता तर बरोबरी होती. त्याने पाय टाकला, गुडघा वळला आणि चौघांनी त्याला जागीच दाबलं. कोसमटोला दोन गुणांनी हरला.

टिकेश मातीत तोंड घालून पडून राहिला. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही. सात वर्षं जिंकून मिळालं नाही, आता तर हरून बसलो. कुणीतरी खांद्याला हात लावला म्हणून त्याने मान वर केली तर भैयाजी उभे. दुपट्ट्याने डोळे पुसत होते. झाडाच्या बाजूने रविताने सगळं पाहिलं होतं, म्हातारा दुसरा डाव संपेपर्यंत पोट धरून हसत होता.

"हरलो, भैयाजी," टिकेश कसाबसा म्हणाला.

"हरला?" भैयाजींनी पिशवीतून नारळ काढला आणि त्याच्या मातकट हातात ठेवला. "मले काय मालूम गा? माही तं पाठ होती."