नवस फिटल्याचं जेवण

त्या बुधवारी मी आयुष्यात पहिल्यांदा डावी बाही उजवीकडे जोडली. मुलुंडला तीस वर्षं ब्लाउज शिवतेय, झोपेतसुद्धा बाही चुकायची नाही माझी. पण मशीनवर असतानाच मोबाइल वाजला, मी मेसेज वाचला, आणि त्यानंतर माझे हात काय करत होते ते मला ठाऊक नाही.

मेसेज आमच्या 'गुपित' ग्रुपवर होता. ग्रुपमध्ये तिघंच. माझा जावई सर्वेश, घाटकोपरला राहणाऱ्या त्याच्या आई मालनताई आणि मी. लग्नानंतर पोरं अंदमानला गेली होती, आणि तिथल्या शेवटच्या संध्याकाळी सर्वेशला माझ्या स्वरदाला चकित करायचं होतं. ओहोटीला समुद्रात वाळूचा एक पट्टा उघडा पडतो म्हणे, तिथे दोघांसाठीच टेबल आणि टेस्टिंग मेनू. म्हणजे सात ताटल्या, एकामागून एक, आणि प्रत्येकीत घासभर.

"घासभर? मग पोट कशाने भरायचं रे?" मी विचारलं होतं.

"आई, पोटासाठी नसतं ते, अनुभवासाठी असतं," तो म्हणाला. असेल बाबा. आमच्याकडे नैवेद्याच्या पानावरसुद्धा याहून जास्त वाढतात.

पण तीन आठवडे मी त्या मेनूवर डोळ्यांत तेल घालून बसले होते. तिथला शेफ लिहून पाठवायचा, सर्वेश ग्रुपवर टाकायचा, आणि मी चष्मा लावून एकेक ओळ वाचायचे. मालनताई चिडवायच्या, "विहीणबाई, तुम्ही तर बोर्डाचे पेपर तपासल्यासारखं तपासताय!" मी आपली हसण्यावारी न्यायचे. मी त्यात एकच शब्द शोधत होते. कोळंबी.

आता हे नीट सांगायला हवं. स्वरदा चार वर्षांची असताना शेजारच्या बारशाला तिने एक कोळंबी खाल्ली. एकच. दहा मिनिटांत ओठ सुजले, डोळे मिटले, मग श्वास अडकायला लागला. तो घर्रघर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. आमचे हे, गुणाजी, तिला खांद्यावर टाकून अनवाणी दवाखान्यापर्यंत पळाले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून पोरगी वाचली. "ही ॲलर्जी जन्माची आहे," ते म्हणाले. "कोळंबी, शेवंड, खेकडा, काही नको. रस्सासुद्धा नको. पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही."

घरी आलो तर सासूबाईंनी दार लावून घेतलं. सोनूबाई नाव त्यांचं, अख्खी चाळ वचकून असायची. म्हणाल्या, "ह्या कोणाकडे बोलूचा नाय. चेडवाच्या अंगात खोड आसा असा कळला, तर उद्या कोण करतलो तेका?" मालवणी माणसाच्या घरात कोळंबी न सोसणारी सून! मग तोडही त्यांनीच काढली. सगळ्यांना सांगायचं, पोर दुखण्यातून उठली म्हणून गावच्या देवीला नवस बोललोय, लग्न होऊन देवीची ओटी भरेपर्यंत तिला हे सगळं वर्ज्य. पोरीलाही तेच सांगायचं. लहान मूल डॉक्टरचं विसरेल, देवीचं नाही विसरायचं.

आणि खरंच नाही विसरली. ती नववीत असताना हे गेले. हार्ट अटॅक, ऑफिसात, डबा उघडायच्या आधीच. त्यानंतर तर तिने इतकं कडक पाळलं की कोळंबीच्या भांड्याला शिवायची नाही, मी घासलेला तवा पुन्हा घासायची. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू! पुढे सासूबाईही गेल्या. खरं काय ते माहीत असलेली मी एकटी उरले.

लग्न ठरलं तेव्हा सांगणारच होते. देवाशपथ. पण मालनताई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "आजकाल एवढी वर्षं नवस पाळणारी मुलगी मिळते कुठे?" झालं, माझी दातखीळ बसली. म्हटलं, सावकाश सांगू. मे महिन्यात गावी जाऊ, ओटी भरू, त्याआधी एकदा दोघांना समोर बसवून सगळं बोलून टाकू. तोवर नवस आहेच राखायला. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय!

तर तो मेसेज. दुपारी तीन चाळीस. आधी मालनताईंनी एक फोटो टाकला होता. आमच्या गावची देवी, पुढ्यात हिरवी साडी, नारळ, तांदूळ. खाली लिहिलं होतं, "माझा भाऊ तिकडे गेला होता, त्याच्या बायकोकडून सकाळी तुमच्या देवीची ओटी भरून घेतली. नवस फिटला, विहीणबाई! आता सून मोकळी."

त्याच्याखाली सर्वेशने नवा मेनू टाकला होता. पहिली ताटली, कोळंबीच्या डोक्यांचं निवळ सार, वाटीतून प्यायचं. दुसरी, नारळाच्या दुधात कोळंबी. चौथी, भाजलेली शेवंड. सातांतल्या पाच. आणि शेवटी लिहिलं होतं, "देवीचा फोटो छापून घेतलाय. पहिल्या वाटीसोबत स्वरासमोर ठेवणार. तेवीस वर्षांचा उपास आज सुटणार! इथे लवकर मावळतं, म्हणून पावणेपाचला सुरू. फोन रूमवर ठेवून निघतोय. लव्ह यू, दोन्ही आया!"

मी सर्वेशला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. स्वरदाला लावला. तोही नुसता वाजत राहिला. कुठल्याशा रिकाम्या खोलीत, पलंगावर पडलेले दोन फोन मला दिसायला लागले.

आणि तेव्हा मी काय केलं असेल? पुन्हा थाप मारली. ग्रुपवर लिहिलं, "आज संकष्टी आहे, आज नको. प्लीज." सर्वेशने बघितलंच नाही. मालनताईंचं लगेच उत्तर आलं, "अहो, संकष्टी शनिवारी झाली की! काय तुम्ही पण!" पुढे हसणारी तीन तोंडं.

मेनूच्या तळाशी एक नंबर होता, तो लावला. तो निघाला अंधेरीच्या बुकिंग ऑफिसचा. मीरा नावाची मुलगी बोलत होती. मी म्हटलं, "ते जेवण थांबव गं बाई, माझ्या मुलीला कोळंबीची ॲलर्जी आहे, जीव जाईल तिचा."

"एक मिनिट, मॅम." कीबोर्डची टकटक. "मॅम, गेस्टनी फॉर्ममध्ये ॲलर्जीसमोर 'नाही' लिहिलंय."

"कारण त्याला माहीत नाही!"

"मग मॅडमना विचारून..."

"तिलाही माहीत नाही!"

ती मग जपून म्हणाली, "मग कोणाला माहीत आहे, मॅम?"

"मला," मी म्हटलं. स्वतःच्या कानांनी ऐकलं ते.

पोरगी भली होती. तिने तिकडे लगेच मेल टाकला, मला थांबवून ठेवून तीनदा फोन लावला. बेटावरची लाइन सकाळपासूनच लागत नव्हती. "मी ट्राय करत राहते, मॅम. पण त्यांच्या किचनचा डायरेक्ट नंबर असता ना, तर बरं झालं असतं. वाळूवरच्या माणसांशी ते वॉकीटॉकीवर बोलतात."

किचनचा नंबर! गेल्याच आठवड्यात मालनताईंनी फुशारकी मारली होती, "मी स्वतः त्यांच्या किचनला फोन केला. शेफला म्हटलं, मेल्या, बांगड्यात तिरफळ घाल, दुसऱ्या कशात घालशील तर बघ!" नंबर त्यांच्याकडे होता. घड्याळात चार एकोणतीस झाले होते.

फोन हातात घेतला आणि बोट पुढे जाईना. कसलं काळीज असतं माणसाचं! पोरगी मरायला टेकलीय आणि मी विचार करतेय, विहीण काय म्हणेल? फसवून मुलगी गळ्यात मारली म्हणतील. स्वरदाला त्या घरात आयुष्य काढायचंय. नंबर मागायला एक थाप जिभेवर तयारही होती, 'शेफला गोड कमी घालायला सांगायचंय'. पण स्वरदाच्या सासूचं सोडून माझं तिथे कोण ऐकणार होतं? आणि थापेपायी आधीच किती वेळ गेला होता.

"मालनताई," मी म्हटलं, "नवस कधी नव्हताच."

"काय?"

"नवस खोटा आहे. स्वरदाला कोळंबी विषासारखी आहे. चार वर्षांची असताना मरता मरता वाचली. आम्ही लपवलं. तुमच्यापासून, तिच्यापासूनसुद्धा. तिने ते सार प्यायलं तर तिचा श्वास बंद होईल, आणि त्या वाळूवर डॉक्टर नाही. मला काय शिव्या घालायच्यात त्या घाला, पण आधी किचनला फोन करा. तुमच्या पाया पडते."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग त्या म्हणाल्या, "फोन ठेवा," आणि त्यांनीच ठेवला.

त्यानंतर मी जे बसले, ते वैऱ्यावरही येऊ नये. समोर भिंतीवर त्याच देवीची तसबीर. हात जोडायला गेले आणि हात खाली आले. तेवीस वर्षं जिच्या नावावर खोटं खपवलं, तिच्याकडे कुठल्या तोंडाने मागायचं? मग सासूबाईंवर राग आला. मेलेल्या बाईला मोठ्याने बोलले मी, एकटीच, रिकाम्या घरात. मग वाटलं, त्यांनी एकदाच सांगितलं होतं. पुढची वर्षं रोज कोण सांगत होतं?

चार पंचेचाळीस. बेल वाजली. कुणीतरी ब्लाउज न्यायला आली असणार. मी उठले नाही. ती दोनदा वाजवून गेली.

चार बावन्न. मालनताईंना फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. माझ्या कानात ते घर्रघर्र सुरू झालं. मला दिसत होतं, वाटी उचलली, प्यायली, हसली, मग गळ्याला हात लावला. सर्वेश काय करेल? त्याला वाटेल ठसका लागला. पाणी देईल. पाठीवर थोपटेल. त्याला काय माहीत!

पाच वाजून गेले. मी मोरीत जाऊन उलटी केली. आणि बाहेर येतेय तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. कानाला लावला, तर आधी नुसता श्वास. मी तो श्वास ऐकत राहिले. मोकळा होता.

"आई."

"बाळा! प्यायलीस का? सांग, प्यायलीस का तू?"

"नाही गं. तोंडाला लावत होते. तेवढ्यात वॉकीटॉकीवर कोणीतरी ओरडलं, आणि शेफने माझ्या हातातून वाटी हिसकावून घेतली. सगळं साडीवर सांडलं."

मी जमिनीवरच बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण दात वाजायला लागले. मागून सर्वेशचा आवाज येत होता, "आईला सांग, तू ठीक आहेस, हात धुतलेत, किनाऱ्याला आलोय, शेफचा फोन घेतलाय."

"मालनताई काय म्हणाल्या?" मी विचारलं. बघा, तेव्हाही मला ते सुचलं.

"त्या एवढंच म्हणाल्या, की तिला आधी बोटीत घाला, मग बाकीचं बघू." मग तिने विचारलं, "आई, ते खरंय? डॉक्टर म्हणाले होते?"

"हो."

"म्हणजे आजारच आहे? देवीचं काही नाही त्यात?"

"नाही गं राणी. देवीचं कधीच काही नव्हतं. आम्ही रचलं ते. मी आणि आजीने."

समुद्राचा आवाज येत होता. मला वाटलं आता ही भडकणार, आणि भडकू दे, मी म्हटलं, मनातलं सगळं बाहेर येऊ दे.

"नववीत मी एकदा खाल्ली होती," ती म्हणाली. "शाळेत, दिशाच्या डब्यातली. इवलीशी. मला बघायचं होतं कशी लागते ते. ओठ सुजले माझे. तुला म्हटलं, गांधीलमाशी चावली."

मला आठवलं. मी कांदा चोळला होता ओठांना. मी! सगळं माहीत असलेली! नवसावर एवढा भरवसा माझा, की शंकासुद्धा आली नाही.

"मला वाटलं, नवस मोडला म्हणून देवी कोपली. मी कुणालाच सांगितलं नाही. रोज तिची माफी मागायचे. आणि मग पुढच्याच आठवड्यात..." तिचा आवाज फाटला. तेरा वर्षं ती तवे का घासत होती, ते मला तेव्हा कळलं.

"आई, मग बाबा माझ्यामुळे नाही ना गेले?"

"नाही," मी म्हटलं. "नाही गं माझ्या बाळा, नाही."

"पुन्हा सांग," ती म्हणाली.